माघ ते चैत्र: मुरबाडकडच्या मळ्यावरचा पहिला हंगाम

मुरबाड सोडून टोकावड्याच्या रस्त्याला लागलं की फेब्रुवारीच्या शेवटी काटेसावर फुललेली दिसते. झाडावर पान एक नसतं, नुसती लाल फुलं. शहरातून आलेल्या माणसाला ती बघून वाटतं, वसंत आला, आता पेरायला घ्यावं. मलाही तसंच वाटलं होतं. सासऱ्यांच्या सव्वा एकरावर तेव्हा भात आणि भातामागून वाल एवढंच व्हायचं. पहिल्या वर्षी मी अर्ध्या एकरात भेंडी, काकडी, दुधी टाकली आणि रामनवमीला विहिरीचा तळ दिसला. वेली फुलावर असताना सुकल्या. शेजारच्या वाडीतल्या मावशी पेरणीच्या दिवशीच म्हणाल्या होत्या, "पोरी, इहिरीतला पानी बघ, मंगच बी टाक." या गोष्टीला आठ वर्षं झाली. नव्या माणसाला शेतीतलं काय सांगू असं कुणी विचारलं तर मी अजून मावशींच्याच वाक्यापासून सुरुवात करते.

ठाणे, डोंबिवली, ऐरोलीकडून येऊन ओळखीच्या मळ्यावर काम शिकणाऱ्यांसाठी, किंवा घरची पडीक जमीन पुन्हा कसायला घेणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. जमीन विकत घेऊन सुरुवात करायचा विचार असेल तर महाराष्ट्रात शेतजमीन घेणारा आधी शेतकरी असावा लागतो, तसा दाखला लागतो. म्हणून पहिला हंगाम नातेवाइकांच्या किंवा ओळखीच्या जमिनीवर काढलेला बरा. त्यातून शिकायलाही जास्त मिळतं.

आधी विहीर मोजा

आपल्याकडे पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण सगळा जून ते सप्टेंबरात. जमीन मुरमाड, पातळ, खाली कातळ. पाणी वाहून जातं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओढ्यावर गोण्यांचा वनराई बंधारा घातला असेल तर विहीर थोडी जास्त टिकते. नसेल तर या वर्षी आहे त्यातच भागवावं लागतं.

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मार्चमध्ये भाजीच्या पिकाला दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी लागतं. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर, तेव्हा एका गुंठ्याला रोज ५०० लिटर आणि दहा गुंठ्यांना ५,००० लिटर. आता विहिरीकडे वळा. १५ फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे ५,००० लिटर. म्हणजे दहा गुंठे भाजी रोज विहिरीतलं एक फूट पाणी पिते. एप्रिलमध्ये त्याहून जास्त.

मग विहीर रोज किती भरून येते ते बघायचं. दोरीला दगड बांधा, दर फुटाला गाठ मारा. संध्याकाळी पंप बंद केल्यावर पातळी मोजा, सकाळी पंप सुरू करायच्या आधी पुन्हा मोजा. असं आठवडाभर करा आणि भिंतीवर खडूने लिहून ठेवा. रात्रीत एक फूट भरत असेल तर आज दहा गुंठे झेपतील, पण झरे एप्रिलमध्ये मंदावतात, म्हणून सहाच गुंठे धरा. ठिबक आणि चांगलं आच्छादन असेल तर आठ. यापेक्षा जास्त कुणी सांगितलं तर ऐकू नका. कोंबड्यांचं, गुरांचं आणि घरचं पाणी याच विहिरीतलं असतं, तेही विसरू नका.

काय पेरायचं, कधी

सहा गुंठ्यांत मी पहिल्या वर्षाच्या माणसाला भेंडी, गवार, चवळी, तांबडा माठ आणि मांडवावर थोडी काकडी, दुधी, कारली एवढंच सांगते. टोमॅटो आणि कोबी थंडीचे, त्यांचा काळ सरलेला असतो. मेथी-पालकही होळीनंतर फुलावर जातात. भेंडी आणि गवार माघात, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत टाकली तर चैत्र लागायच्या सुमारास तोडणीला येते. भेंडी ४५ ते ५० दिवसांत, काकडी त्याच्या थोडी आधी. माठ दर पंधरा दिवसांनी एक एक वाफा टाकत राहायचा, २५-३० दिवसांत हाताशी येतो. गुढीपाडव्यानंतर नवं काही पेरायचं नाही, पाडव्यानंतरचं पाणी उभ्या पिकाचं.

बी सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचं घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी घरचं धरता येतं. भेंडीची परभणी क्रांती हळद्या रोगाला बऱ्यापैकी तग धरते, गवारीत पुसा नवबहार, कारल्यात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची कोकण तारा. भेंडीचं बी रात्रभर भिजवून सकाळी सावलीत कोरडं करून टाकलं की चार-सहा दिवसांत वर येतं. दोन ओळींत दीड फूट, दोन झाडांत वीतभर अंतर.

वाफे: गादी नको, सरी हवी

शहरातले बरेच जण गादीवाफ्यांचे व्हिडिओ बघून येतात. उंच वाफा पावसाळ्यात चांगला, पाणी निघून जातं. उन्हाळ्यात तोच वाफा चारही बाजूंनी तापतो आणि सुकतो. उन्हाळी भाजी सरीत किंवा जमिनीला समतल वाफ्यात पेरा. वेलींसाठी आळी खोदा, हातभर रुंद, वीतभर खोल, तळाला कुजलेलं खत.

आणि आच्छादन. माझ्या मते उन्हाळी मळ्यात यासारखं दुसरं काम नाही. रोपं चार बोटं झाली की तीन-चार इंच जाड पालापाचोळा नाहीतर भाताचा पेंढा, देठापासून बोटभर लांब. खाली हात घालून बघा, दुपारी एकलाही माती गार लागते.

पालापाचोळा मात्र लवकर गोळा करावा लागतो. आमच्याकडे याच दिवसांत राब भाजतात. भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर शेण, पाला, फांद्या पसरून पेटवतात, तण आणि किडे मरतात, राख मिळते. ही पिढ्यांची रीत आहे आणि पावसात निंदायला माणूस मिळत नाही तेव्हा तिचा उपयोग काय ते कळतं. मी भाजीच्या जमिनीवर भाजत नाही, कारण मला तो पाला झाकायला हवा असतो. शेजाऱ्यांशी बोलून आपला वाटा आधीच उचलावा. ते राब पेटवणार असतील त्या दिवशी मळ्यावर हजर राहा. फेब्रुवारीच्या शेवटी डोंगराकडून वणवाही येतो. कुंपणाबाहेर आठ-दहा फुटांचा पट्टा गवत काढून बोडका करून ठेवा. ही जाळरेषा होळीच्या आधी झालीच पाहिजे, कारण कोंबड्यांच्या छपरावरही पेंढाच असतो.

कोंबडखत ताजं घालू नका

माझं सगळ्यात महागात पडलेलं चुकीचं काम हे. दुसऱ्या वर्षी खुराड्यातलं तूस आणि विष्ठा खोऱ्याने काढून सरळ भेंडीच्या बुडाला लावली. आठ दिवसांत पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या, अर्धी ओळ गेली. कोंबडखतात नत्र शेणखताच्या कितीतरी पट असतं आणि ते ताजं असताना मुळं जाळतं. शिवाय पालेभाजीवर ताजी विष्ठा म्हणजे खाणाऱ्याच्या पोटाशी खेळ.

सावलीत ढीग करा. एक थर खुराड्यातलं तूस, दोन थर पेंढा किंवा पाला, वर पाणी, तेही मुठीत दाबल्यावर हात ओला होईल पण थेंब गळणार नाही एवढंच. दर पंधरा दिवसांनी उलटा. ढीग आतून चटका बसेल इतका तापतो, मग निवतो. तीन महिने द्या. म्हणजे माघातला ढीग वैशाखात तयार होईल, तो पावसाळ्यासाठी. आत्ता घालायचं खत दिवाळीला रचलेलं असायला हवं. नसेल तर जुनं शेणखत किंवा गांडूळखत विकत घ्या. कुजलंय की नाही ते तपासायचं असेल तर मूठभर ओलं करून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन दिवस ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर घाला, घाण वास आला तर थांबा.

वरून जीवामृत देत असाल तर २०० लिटर पाण्यात १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. ते पाण्याबरोबर ओल्या जमिनीतच सोडा.

कोंबड्या: पंधरापासून सुरुवात

नव्याने पाळायच्या असतील तर एक दिवसाची पिल्लं आणू नका. त्यांना पहिला आठवडा ३५ अंशांची ऊब लागते, मुरबाडकडे फेब्रुवारीच्या रात्री गार असतात आणि वीज जाते. महिनाभराची, लस झालेली पिल्लं किंवा तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, घ्या. कोणकोणती लस, कुठल्या तारखेला, हे विकणाऱ्याकडून लिहून घ्या. राणीखेतची, म्हणजे आपल्याकडच्या मानमोडीची पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून देतात, चौदाव्या दिवशी गंबोरो या दुसऱ्या रोगाची, चौथ्या आठवड्यात पुन्हा राणीखेतची, आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही राणीखेतचीच लस टोचून. लशीची बाटली शंभर पिल्लांची असते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते, म्हणून वाडीतल्या तीन-चार घरांनी मिळून एकाच सकाळी द्यावी. कल्याणहून आणताना बर्फात आणा. उन्हात गाडीच्या डिकीत तापलेली लस म्हणजे नुसतं पाणी.

खुराडं लांबीने पूर्व-पश्चिम बांधा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन लांब बाजूने आत शिरत नाही. रात्रीसाठी कोंबडीमागे दोन चौरस फूट जागा. जाळी अर्ध्या इंचाची आणि जमिनीत वीतभर पुरलेली, नाहीतर मुंगूस खालून येतो. दिवसा पिल्लांवर शिक्रा आणि घार असते, त्यांना डालग्याखाली ठेवा किंवा मांडवाच्या सावलीत सोडा.

पंधरा कोंबड्यांना दोन कोंबडे पुरतात. खाद्य कोंबडीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम, त्यातलं बरंच त्या वाळवी, किडे, कणी, माठाची जून पानं यांतून मिळवतात. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या परळात कायम असू द्या, उन्हाळ्यात अंड्याचं कवच पातळ होतं. गावठी कोंबडी वर्षाला ६०-८० अंडी देते, म्हणजे पंधरा कोंबड्यांची सरासरी दिवसाला तीन. दिवस मोठा होत जातो तशी फेब्रुवारी-मार्चमध्ये अंडी वाढतात, त्या भरात सोसायटीतल्या वीस घरांना रोजच्या अंड्यांचा शब्द देऊन बसू नका.

याच दिवसांत कोंबड्या खुडूक बसतात, म्हणजे अंडी उबवायला बसतात. घरची पिल्लं हवी असतील तर शांत, वजनदार कोंबडी निवडा, अंधाऱ्या कोपऱ्यात टोपलीत पेंढा आणि थोडी राख, वर दहा-बारा अंडी. अंडी आठवड्याच्या आतली हवीत आणि गार जागी ठेवलेली. तापलेल्या खोलीत पडलेल्या अंड्यात जीव धरू लागतो आणि अर्ध्यावर मरतो. म्हणून मार्चपासून अंडी दिवसातून तीनदा उचलायची. सातव्या रात्री बॅटरीवर धरून बघा, आत शिरा दिसल्या तर ठेवा, स्वच्छ असेल तर काढा. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात. त्या दिवशी मध्ये मध्ये हात घालू नका.

कोंबड्या उभ्या भाजीत सोडू नका. दहा मिनिटांत चार वाफे उकरतात. वाल काढलेलं रान त्यांना द्या, आठवड्याभरात वाळवी आणि तणाचं बी साफ करतात.

पूर्वेचा वारा

मार्चमध्ये काही दिवस वारा पूर्वेकडून, घाटावरून येतो. तो कोरडा आणि भट्टीसारखा असतो. खाडीकडचा वारा दुपारी उशिरा फिरतो तोवर पारा चाळिशीला टेकतो. एप्रिलमध्ये वारा पश्चिमेचा असला की हवा घामट. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकूनच अंग निववते. चोच उघडी, पंख अंगापासून सुटलेले दिसले की तिला त्रास होतो आहे असं समजा.

तिसऱ्या वर्षी एका दुपारी माझ्या सात तलंगा गेल्या. ऊन लागू नये म्हणून मी पश्चिमेची बाजू प्लास्टिकने बंद केली होती आणि आत पाणी शिंपडलं होतं. वारा बंद झाला, आत वाफ साठली. त्या दिवसापासून मी एवढंच पाळते: आधी वारा, मग पाणी. कोरड्या दिवशी पश्चिमेला गोणपाट टांगून ते ओलं ठेवा, पण खाली हातभर फट असू द्या. घामट दिवशी गोणपाट गुंडाळून वर करा. पत्र्यावर पेंढ्याचा जाड थर आणि छपरावर बाहेरून पाणी चालतं. आतलं तूस ओलं होऊ देऊ नका, त्यातून रक्ती हगवण येते. दाणे सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर. दुपारी पोट भरलं की अंग आणखी तापतं. पाणी मातीच्या परळात, सावलीत, दोन-तीन ठिकाणी, दुपारी बदललेलं.

एकाच दिवशी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर उन्हानेच मेल्या असं धरून चालू नका. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यात वेहळोलीला बर्ड फ्लू निघाला होता आणि आसपासच्या हजारो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. मेलेला पक्षी ओढ्यात टाकायचा नाही, जिवंत पक्षी दुसऱ्या गावी हलवायचे नाहीत, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं.

रोजचं काम

साडेपाचला विहिरीची गाठ बघणं. मग पाणी, तेही आठच्या आत. तोडणी नऊच्या आत. भेंडी एक दिवसाआड तोडावीच लागते, तोडताना हातात सुती मोजे, अंगाला खाज सुटते. तोडलेली भेंडी भिजवू नका, काळी पडते. कोरड्या सुती कापडात ठेवा. माठाला उलट ओलं गोणपाट लागतं. पिवळ्या शिरांचं भेंडीचं झाड दिसलं तर ते हळद्याचं, पांढरी माशी तो पसरवते. झाड उपटून पुरून टाका आणि बाकीच्यांवर संध्याकाळी लिटरभर पाण्यात पाच मिली नीम तेल आणि थोडं साबणाचं पाणी फवारा. घरच्या निंबोळ्या जूनमध्ये वेचून ठेवल्या असतील तर पाच टक्क्यांचा अर्क जास्त चांगला. काकडी-कारल्याच्या फळमाशीसाठी क्यू ल्यूर या आमिषाचे सापळे फुलं लागताच टांगा. किडकं फळ वेलीखाली पडू देऊ नका.

वेलीला पहिले पंधरा दिवस नुसती नर फुलं येतात, घाबरू नका. दुधीची फुलं संध्याकाळी उघडतात. फळ धरत नसेल तर अंधार पडता पडता नर फूल तोडून मादी फुलावर हळूच टेकवा. मादी फुलामागे इवलासा दुधी असतो, ओळखायला सोपं. काकडी कडू लागली तर बहुतेक वेळा पाण्याचा खंड पडलेला असतो.

ठिबकच्या ओलीला आणि खुराड्याच्या गारव्याला या दिवसांत साप येतात. घोणस आणि नाग दोन्ही आहेत. अंडी काढताना आधी बॅटरी, मग हात. सर्पदंशावरचं प्रतिविष जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात मिळतं ते पहिल्याच आठवड्यात जाऊन विचारून ठेवा.

शिमग्याला वाड्या-पाड्यांवर चार दिवस कामाला कुणी येत नाही आणि येऊही नये. त्यांचा तो वर्षाचा सण. ते दिवस आधीच मोजून घरची माणसं तोडणीला बोलवा, नाहीतर भेंडी जून होते आणि झाड नवीन फळ धरत नाही.

विकणं

दोन क्रेट घेऊन वाशीच्या मार्केटला जाण्यात अर्थ नाही. आम्ही शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी पहाटे तोडतो, वाडीतल्या तिघांचा माल एका टेम्पोत, घोडबंदर रोडच्या दोन सोसायट्यांत पंचवीस घरं. यादी व्हॉट्सअॅपवर गुरुवारी जाते. उरलं तर कल्याण. "सेंद्रिय" हा शब्द जपून वापरा. आजूबाजूचे किमान पाच शेतकरी मिळून पीजीएसचा, म्हणजे सहभाग हमी पद्धतीचा, गट करता येतो, एकमेकांच्या शेतांची तपासणी करून त्यातून प्रमाणपत्र मिळतं. ते होईपर्यंत काय घालता, काय फवारता ते ग्राहकाला सरळ सांगा. खाद्य बाजारातलं असेल तर अंड्यांना सेंद्रिय म्हणू नका, गावठी म्हणा.

अक्षय्यतृतीयेच्या आसपास दोरी दगडाकडून चौथ्या गाठीपर्यंतच भिजते, म्हणजे विहिरीत चारच फूट पाणी उरतं. तिथे भाजीचं पाणी बंद, उरलेलं घरचं आणि कोंबड्यांचं. वेली उपटून खुराड्यापुढे टाका, दोन दिवसांत कोंबड्या पानं संपवतात. त्याआधी भेंडीच्या चार निरोगी झाडांवरच्या शेंगा तोडायच्या नाहीत, झाडावरच वाळून तडकू द्यायच्या. बी काढून दोन दिवस सावलीत, मग चुलीच्या गार राखेत कालवून काचेच्या बाटलीत. बाटलीवर वाण आणि वर्ष लिहा, आणि त्याखाली त्या दिवशी विहिरीत किती फूट पाणी होतं तेही.